पोखऱ्याची संध्याकाळ: फेवा तलावाकाठी कुठे बसावं, काय प्यावं आणि कसं प्यावं

महाराष्ट्रातून पोखऱ्याला जाणारे लोक साधारण दोन कारणांनी जातात. एक म्हणजे मुक्तिनाथची यात्रा, दुसरं अन्नपूर्णेच्या परिसरातला ट्रेक. दोन्हींत पोखऱ्याच्या वाट्याला एखाददुसरी संध्याकाळ येते, आणि ती बहुतेक वेळा हॉटेलच्या खोलीतच संपते. ओळखीची व्हिस्की, घरून आणलेली चकली, शेवेचा पुडा, टीव्हीवर क्रिकेट. बाहेर दोन मिनिटांवर फेवा तलाव असतो आणि वर माछापुच्छ्रे हे हिमशिखर उभं असतं. इतक्या लांब येऊन ही संध्याकाळ हातची घालवू नये असं मला कळकळीने वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच: पोखऱ्यातली संध्याकाळ बारच्या नावावरून ठरवू नका, उजेडावरून ठरवा. आणि जे इथल्या डोंगरात बनतं ते आधी चाखा. आपल्या नेहमीच्या बाटल्या घरी आहेतच.

आधी गाव समजून घ्या

फेवा हा राराच्या खालोखाल नेपाळमधला दुसरा मोठा तलाव. त्याच्या पूर्वेच्या काठाने जो लांबलचक रस्ता जातो तो लेकसाइड, जुनं नाव बैदाम. पर्यटकांचं सगळं जग या एका रस्त्यावर आहे. त्याचा मध्य म्हणजे हल्लन चोक. रिक्षावाल्याला, टॅक्सीवाल्याला, हॉटेलवाल्याला एवढं एक नाव सांगितलं की पुरतं.

हल्लन चोकाच्या आसपास गर्दी, दिवे, गाणाऱ्यांचे बँड, मोठे बार. दक्षिणेला गेलात की डॅमसाइड, म्हणजे धरणाची बाजू. तिथे शांतता जास्त आणि दर थोडे नरम. उत्तरेला तलावाच्या कडेकडेने चालत राहिलात तर वस्ती विरळ होत जाते आणि खपौदी, सेदीकडे मासळी खाऊ घालणारी छोटी ठिकाणं लागतात. तिकडे पॅराग्लायडर उतरताना दिसतात. ज्यांना गोंगाट नको त्यांनी सरळ तिकडे जावं.

आता एक गोष्ट, जी नीट न कळल्यामुळे बहुतेकांची निराशा होते. तलावाकडे तोंड करून बसलात की हिमशिखरं दिसत नाहीत. लेकसाइडवरून तलाव पश्चिमेला आहे आणि हिमालय उत्तरेला. मध्ये सारंगकोटची डोंगररांग आडवी येते. पाण्यात माछापुच्छ्रेचं प्रतिबिंब पडलेलं जे चित्र सगळीकडे दिसतं ते तलावाच्या दक्षिण टोकाकडून, डॅमसाइडच्या अंगाने किंवा पलीकडच्या काठावरून टिपलेलं असतं. म्हणजे तुम्हाला निवड करावी लागते: पाणी आणि सूर्यास्त हवा असेल तर काठावर, शिखर हवं असेल तर उंच गच्चीवर किंवा दक्षिणेला. दोन्ही हवं असेल तर जागा बदलायची तयारी ठेवा. पुढचा सगळा बेत यावरच उभा आहे.

मोसम आणि घड्याळ

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत उत्तम. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, शिखरं संध्याकाळीही मोकळी राहण्याची शक्यता चांगली. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, पण पोखरा जेमतेम ८२५ मीटरवर आहे, त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी पुरते. मार्च ते मेमध्ये हवेत धूळ आणि वणव्याचा धूर असतो. शिखरं रुसतात, दुपारनंतर वादळी पाऊसही येतो. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो. नेपाळमधल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात हे खोरं येतं. त्या दिवसांत गच्चीचा नाद सोडावा आणि पत्र्याखालच्या भट्टीत, म्हणजे घरगुती दारूच्या छोट्या खाणावळीत, बसावं. तीही मजा वेगळीच आहे.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. सूर्यास्त डिसेंबरात सव्वापाचच्या आसपास, ऑक्टोबरच्या मध्यात पावणेसहाच्या सुमारास, मेअखेरीस सातच्या जरा आधी. काठावर जागा हवी असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. बऱ्याच ठिकाणी ‘हॅपी अवर’ही याच वेळात असतो, त्यामुळे खिशालाही बरं.

शुक्रवारची रात्र सगळ्यांत भरलेली, कारण शनिवारी नेपाळात सुट्टी. शनिवारी सकाळी तलावातल्या बेटावरच्या ताल बाराहीच्या देवळाला जाणाऱ्यांची घाटावर रीघ लागते. वर्षअखेरीला, साधारण २८ डिसेंबर ते १ जानेवारी, लेकसाइडचा रस्ता वाहनांना बंद करून स्ट्रीट फेस्टिव्हल भरतं. रस्त्यावरच टेबलं मांडतात, लोकनृत्यं होतात, सगळं पोखरा रस्त्यावर उतरतं. गर्दी आवडत असेल तर याच दिवसांत जा, पण खोली महिनाभर आधी ठरवून.

पैशाचा हिशेब

इथे ‘आयसी’ आणि ‘एनसी’ हे दोन शब्द सतत कानावर पडतील: भारतीय चलन आणि नेपाळी चलन. भारताचे १०० म्हणजे नेपाळचे १६०. हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. भाव ऐकलात की पहिला प्रश्न ‘एनसी?’ असा विचारा. मेनूवरचे आकडे एनसीतच असतात, पण तोंडी व्यवहारात घोळ होऊ शकतो.

दुसरा घोळ कराचा. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. १३ टक्के व्हॅट काही ठिकाणी दरात धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा लावतात. कुठे १० टक्के सेवाशुल्कही असतं. समजा मेनूवर बियर ६०० एनसीला आहे. आपण मनात म्हणतो, ३७५ रुपये. पण सेवाशुल्क आणि त्यावर व्हॅट लागला की बिल ७४६ च्या घरात जातं, म्हणजे आपले ४६६ रुपये. चार माणसं, दोन-दोन बाटल्या, आणि मग ‘आम्हाला फसवलं’ अशी भावना. फसवलेलं नसतं, वाचलेलं नसतं. आधी विचारा: ‘ट्याक्स लागतो का वर?’ हिंदीत विचारलंत तरी चालतं; लेकसाइडवर हिंदी सगळ्यांना कळते.

पैसे देण्यासाठी १०० आणि त्याखालच्या भारतीय नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांबाबतचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका. मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआयने नेपाळातल्या फोनपे क्यूआरवर पैसे देता येतात. हे ‘फोनपे’ नेपाळातलं वेगळं जाळं आहे, आपल्याकडचं ॲप नव्हे. मात्र फोनला नेट हवं आणि भट्टीवाल्या दिदीकडे तो क्यूआर हवा. थोडे एनसी सुटे जवळ असू द्या.

पहिला ग्लास: पाण्याच्या काठी, उजेड असताना

संध्याकाळची सुरुवात हलकी करा. तलावाच्या कडेने पायवाट आहे. बसुंधरा पार्कपासून उत्तरेकडे चालत या, आणि जिथे पाणी समोर आणि गाणं हळू आहे अशी खुर्ची दिसेल तिथे टेका. इथे बियर घ्यावी. नेपाळच्या बियर चांगल्या आहेत: गोरखा, एव्हरेस्ट, नेपाल आइस, आणि जरा गव्हाळ किंवा कडवट चव हवी असेल तर बाह्रसिंघे, शेर्पा. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची, दोघांत एक पुरते. ‘स्ट्राँग’ लिहिलेली घेऊ नका. पुढे अजून बरंच चाखायचं आहे.

काठावरच्या जागांबद्दल एक सूचना. फेवाच्या काठापासून ६५ मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तलाव वर्षानुवर्षं गाळाने आणि अतिक्रमणाने आकसत आला आहे, त्यामुळे तो पट्टा मोकळा ठेवण्याचा आग्रह मला योग्यच वाटतो. पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पाण्याला चिकटून असलेली एखादी झोपडी मित्राने सुचवली असेल, तर ती तिथे असेलच असं नाही. नाव शोधत फिरू नका. जागा पाहून बसा. आणि बाटली, झाकण, वेष्टन काहीही पाण्यात जाणार नाही हे आपल्या टोळक्यात आधीच बजावून ठेवा.

होडीत बसून पिण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती सोडून द्या. पाणी खोल आहे, वारा अचानक उठतो, आणि होडी ज्या बेटाला वळसा घालते तिथे बाराहीचं देऊळ आहे. होडीची हौस सकाळी भागवा, लाइफ जॅकेट घालून.

मुलंबाळं किंवा न पिणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील तरी हा टप्पा सगळ्यांनी मिळून करता येतो. काठावरच्या ठिकाणी चहा, लिंबू-आलं-मधाचं गरम पाणी आणि लस्सी असतेच. कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. लेकसाइडवर बायकांनी बसणं, एकटीने बसणं, स्वतःसाठी मागवणं यात कुणी वळून पाहत नाही. कित्येक ठिकाणी गल्ल्यावरही बाईच असते.

दुसरा ग्लास: शिखरासाठी उंचावर

सूर्य डोंगराआड गेला की लगेच निघा. मैदानात अंधार पडत असताना वर माछापुच्छ्रेवर (६,९९३ मीटर) उन्ह अजून काही मिनिटं टिकतं, आधी पिवळं, मग केशरी, मग राखेसारखं. ही मिनिटं खालच्या खुर्चीत बसून जातात, कारण तिथून उत्तर दिसत नाही. म्हणून दुपारीच फिरताना एखादी उंच गच्ची हेरून ठेवा. पाहणी करायची ती एवढीच: वर जा, उत्तरेकडे तोंड करा, पुढे दुसरी इमारत आड येते का बघा. ‘माउंटन व्ह्यू’ ही पाटी पुरावा नव्हे.

जरा जास्त खर्च करायची तयारी असेल तर दक्षिणेकडच्या फिशटेल लॉजचा विचार करा. हे जुनं हॉटेल तलावाच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथे दोर ओढून चालणाऱ्या तराफ्याने जावं लागतं. तिथून पाणी आणि शिखर एकाच नजरेत येतं. तिथे राहत नसाल तर बसायला देतात का, ते आधी फोनवर विचारून घ्या.

इथे काय घ्यावं? थंडीचे दिवस असतील तर गरम रम पंच. खुकुरी ही नेपाळची रम १९५९ पासून बनते आहे. काळपट, गोडसर, मसाल्याच्या वासाची. गरम पाणी, लिंबू, मध, लवंग-दालचिनी घालून ती मोठ्या कपात देतात. थंड रममध्ये कोला ओतून पिणाऱ्यांनी एकदा ही घेऊन पाहावी. ढग असतील, शिखर दिसत नसेल तर हा टप्पा गाळा आणि सरळ पुढच्याकडे वळा.

तिसरा टप्पा: भट्टी आणि डोंगरातली पेयं

आता पोखऱ्याच्या खऱ्या गोष्टीकडे येऊ. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरलात की ‘खाजा घर’ (फराळाची जागा), ‘थकाली भान्छा घर’ (डोंगरातल्या थकाली समाजाचं जेवणघर) अशा पाट्या दिसतात. चार-पाच टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, आत चुलीवर काहीतरी रटरटतंय, आणि घरातलंच पोर कोपऱ्यात अभ्यास करतंय. अशी जागा निवडा. जिथे गावातली माणसं कुटुंबासह जेवत असतात तिथे पेयही भरवशाचं असतं, हा माझा पक्का ठोकताळा.

बोलायला सुरुवात नात्याने करायची. बाईला दिदी, लहान असेल तर बहिनी. पुरुषाला दाइ, लहान असेल तर भाइ. चुटकी वाजवून किंवा ‘ओय’ करून बोलावू नका.

रक्सी. ही गाळलेली दारू, बहुतेक कोदोची. कोदो म्हणजे आपली नाचणी. तांदळाचीही असते. नाचणी शिजवून, त्यात मर्चा नावाचं विरजण मिसळून आंबवतात आणि मग गाळतात. गाळायची रीत पाहण्यासारखी आहे: खाली आंबवलेला ऐवज असलेलं तांब्याचं भांडं, त्यावर तळाला भोकं असलेलं मडकं, त्या मडक्यात वाफ धरायला एक भांडं, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याचं घमेलं. वाफ वर जाऊन घमेल्याच्या थंड बुडाला लागते आणि थेंब आतल्या भांड्यात पडतात. वरचं पाणी तापलं की बदलतात. जितक्या वेळा पाणी बदललं तितक्या ‘पानी’ची ती रक्सी. पाणी कमी वेळा बदललेली रक्सी जहाल, कारण सुरुवातीच्या धारेत दारूचा अंश जास्त असतो. तीनपाने रक्सीचा दबदबा आहे तो यामुळेच. मागवताना ‘किती पानीची?’ असं विचारलंत तर दिदी तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघेल आणि चांगली देईल.

रक्सी पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि नाकाला धुराचा, धान्याचा वास येतो. ती छोट्या वाटीत, उंचावरून बारीक धार सोडत ओततात. एकसारखी धार हे वाढणाऱ्याचं कसब. एक वाटी, घोट-घोट. यात सोडा, कोला काही घालू नका. प्रत्येक घरची धार वेगळी असते, बाटलीवर टक्का छापलेला नसतो, म्हणून पहिली वाटी संपल्यावर अर्धा तास थांबा. यजमान वाटी रिकामी दिसली की भरतो. नको असेल तर वाटीवर हात ठेवून ‘पुग्यो’, म्हणजे ‘पुरे’, म्हणा. हा शब्द पाठच करा.

झ्वाइँखट्टे. थंडीतलं पेय, आणि माझं सर्वांत आवडतं. कढईत तूप कडकडीत तापवतात, त्यात मूठभर तांदूळ खरपूस परततात आणि वरून रक्सी ओततात. फोडणीसारखा चर्र आवाज होतो, कधी ज्वाळाही उठते. गरम असतानाच वाटीत येतं. कुठे मध घालतात. तुपाने रक्सीचा जाच कमी होतो, पण दारू तीच असते हे विसरू नका.

तोङ्बा. हे पूर्व नेपाळच्या लिंबू नावाच्या समाजाचं पेय, पण पोखऱ्यात ठिकठिकाणी मिळतं. उंच लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबवलेली अख्खी नाचणी भरून आणतात, सोबत गरम पाण्याचा थर्मास आणि बांबूची नळी. पद्धत अशी: भांडं काठोकाठ गरम पाण्याने भरा, झाकण लावा, पाच-सात मिनिटं थांबा. नळी तळापर्यंत खोचा. तिच्या टोकाला बारीक चिरा असतात, त्यातून फक्त रस येतो, दाणे येत नाहीत. नळीने ढवळू नका, नाहीतर चिरा बुजतात. सावकाश ओढा. संपलं की पुन्हा गरम पाणी: ‘तातो पानी थप्नुस् न.’ तीन-चार वेळा भरता येतं, मग चव फिकी पडते. एक तोङ्बा म्हणजे दीड-दोन तासांचं काम. आंबूस, कोमट, सौम्य वाटतं आणि म्हणूनच चकवतं: उठून उभं राहिल्यावर कळतं. ज्यांना कडक दारू आवडत नाही त्यांनी हेच घ्यावं. गप्पांसाठी याच्यासारखं पेय मला तरी माहीत नाही.

जाँड किंवा छ्याङ. गाळलेली नाही, नुसती आंबवलेली, ताकासारखी पांढरट. आंबट, थंड, पोटभर. यात कच्चं पाणी मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास असेल तर टाळा. भट्टीत बर्फही नकोच.

मार्फाची ब्रँडी. पोखऱ्याहून जोमसोमच्या वाटेवर मार्फा हे सफरचंदाच्या बागांचं गाव. तिथली सफरचंदाची आणि जर्दाळूची ब्रँडी लेकसाइडच्या दुकानांत मिळते. तुम्ही मुक्तिनाथला जाणार असाल तर बाटली परतताना मार्फालाच घ्या. आणि जोमसोमच्या बाजूची आणखी एक गोष्ट, मस्टँग कॉफी: गरम कॉफीत रक्सी किंवा रम आणि वर लोणी किंवा तूप. थकाली जेवणघरात विचारून बघा.

सोबत काय खावं

रिकाम्या पोटी यातलं काहीच नको. नेपाळात चखण्याचं शास्त्र पुढारलेलं आहे. ‘साँधेको’ म्हणजे कांदा, मिरची, लिंबू, मोहरीचं तेल आणि कोथिंबीर घालून कालवलेलं. शाकाहाऱ्यांनी भटमास साँधेको (भाजलेले सोयाबीन), आलु साँधेको, बदाम साँधेको मागवावं. इथे बदाम म्हटलं की शेंगदाणे येतात, दर बघून हरखून जाऊ नका. मांसाहाऱ्यांना सुकुटी (वाळवलेलं मांस), सेकुवा (निखाऱ्यावर भाजलेलं), आणि तलावाकाठी तळलेला मासा.

मागवताना मांस कशाचं हे विचाराच. ‘बफ’ म्हणजे म्हैस किंवा रेडा. छोयला (भाजून मसाल्यात कालवलेलं मांस), सुकुटी आणि स्वस्त मोमो बहुतेक त्याचेच असतात. गोवंशाची हत्या नेपाळात कायद्याने बंद आहे, तेव्हा त्याची शंका नको. ‘खसी’ म्हणजे बोकड, ‘कुखुरा’ म्हणजे कोंबडी. शेवट थकाली ताटाने करा: भात किंवा नाचणी-फाफराचं (कुट्टूचं) ढिँडो, म्हणजे पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, जिंबू या कांद्या-लसणाच्या वासाच्या पातीची फोडणी दिलेली काळ्या उडदाची डाळ, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), तिरफळासारख्या टिमुरची चटणी. डाळ-भात संपला की पुन्हा वाढतात, वेगळे पैसे न घेता.

गाणं ऐकायचं असेल तर

हल्लन चोकाच्या परिसरात रोज रात्री बँड वाजतात. ‘बिझी बी’ हे त्यातलं जुनं आणि प्रसिद्ध नाव; ‘क्लब ॲम्स्टरडॅम’ही बरीच वर्षं आहे. नेपाळी मुलं रॉक उत्तम वाजवतात, आणि मधूनच एखादं नेपाळी गाणं सुरू झालं की अख्खी गच्ची गाऊ लागते. तो क्षण चुकवू नये.

पण मी तुम्हाला दोहोरी साँझला जायला सांगेन. एका बाजूला पुरुष गायक, दुसऱ्या बाजूला बाई. मादल या ढोलकीच्या ठेक्यावर तो कडव्यात प्रश्न टाकतो, ती तिथल्या तिथे उत्तर रचते. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, फडावरच्या सवाल-जवाबाचीच जातकुळी. हिंदी-मराठीच्या जोरावर अर्ध्याहून अधिक अर्थ लागतो, उरलेला गायिकेच्या डोळ्यांवरून.

इथे मात्र सावध राहायचं. दोहोरीच्या ठिकाणी खाण्यापिण्याचे दर बाहेरच्यापेक्षा चढे असतात. बसण्याआधी मेनू मागा. कुणी टेबलाशी येऊन ‘मला एक ज्यूस सांगा’ म्हणालं तर तो तुमच्या बिलात आणि भलत्या दराने लागतो. नम्रपणे नाही म्हणा. गायकांना बक्षिसी द्यावी, ती त्यांच्या कष्टाची आहे, पण आकडा मनाशी आधी ठरवून. आणि ‘डान्स बार’कडे नेणाऱ्या दलालामागे जाऊ नका. रात्री लेकसाइडवर कुणीतरी कानाशी गांजाही कुजबुजतं. हिप्पींच्या काळात इथे तो दुकानात मिळायचा ही गोष्ट खरी, पण १९७३ मध्ये ते परवाने रद्द झाले आणि १९७६ पासून कडक कायदा आहे. परदेशात तुरुंग बघायची हौस कुणाला नसावी.

परत येताना

लेकसाइडवर भाड्याने स्कूटर सहज मिळते आणि तिथेच घात होतो. नेपाळ पोलिसांची ‘मापसे’ तपासणी, म्हणजे मद्यपान करून चालवणाऱ्यांची, कडक असते. ‘एकच बियर घेतली’ या सबबीला तिथे अर्थ नाही. स्कूटर संध्याकाळी परत करा आणि चालत फिरा. लेकसाइड चालण्याजोगंच आहे. लांब खपौदीला जाणार असाल तर जाताना ज्या टॅक्सीने गेलात त्याच्याशीच परतीची वेळ आणि भाडं ठरवून टाका. रात्री तिकडे गाडी मिळत नाही.

बार किती वाजता बंद होणार हे बसतानाच विचारा. शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईने मागवलेल्या पेयांनीच दुसरी सकाळ बिघडते.

ट्रेक आणि यात्रेच्या आधी नाही, नंतर

पोखऱ्याहून दुसऱ्या दिवशी तुम्ही मुक्तिनाथला निघणार असाल, तर वरचा सगळा बेत परतीच्या रात्रीसाठी राखून ठेवा. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. जीपने किंवा जोमसोमच्या विमानाने गेलात तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि झोपेत श्वास मंदावतो, म्हणजे विरळ हवेत जे नको तेच घडतं. शिवाय विरळ हवेची डोकेदुखी आणि हँगओव्हर यांची लक्षणं सारखीच असल्यामुळे खरा त्रास सुरू झाला तरी ‘काल जास्त झाली’ म्हणून दुर्लक्ष होतं. हे जिवावर बेतू शकतं. ग्रुपमधल्या साठीच्या काका-काकूंना हे आवर्जून सांगा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

अन्नपूर्णा बेस कॅम्पला (४,१३० मीटर) जाणाऱ्यांनाही हेच. वरच्या टीहाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांत, बियर मिळते, पण चढत असताना नको. सकाळी सारंगकोटहून पॅराग्लायडिंग असेल तर आदल्या रात्री एका बियरवर थांबा. उतरून आलेल्या ट्रेकरला मात्र पोखऱ्याची रात्र जशी लागते तशी कुणालाच लागत नाही. आंघोळ करा, ताटभर डाळ-भात खा, मग तोङ्बा.

बाटली घरी आणायची असेल तर

खुकुरी रमची कट्यारीच्या आकाराची बाटली भेट म्हणून छान दिसते. सीलबंद, किंमत छापलेली, दुकानातूनच घ्या. घरगुती रक्सी बाटलीत भरून आणू नका.

विमानाने येणाऱ्या प्रौढाला दोन लिटरची मर्यादा आहे; बाटली मोठ्या सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा. रस्त्याने येणार असाल तर कुठल्या नाक्यावरून ते आधी बघा. रक्सौल, जयनगर, जोगबनी ही सगळी नाकी बिहारमध्ये उतरतात आणि तिथे एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. सामानात एक बाटली सापडली तरी अटक होऊ शकते. यात्रेच्या बसमध्ये ती कुणाची याचा शोध लागेपर्यंत सगळी बस अडकते. सुनौलीहून गोरखपूरला येणारी वाट उत्तर प्रदेशातली, पण पुढची गाडी बिहार किंवा गुजरातमार्गे जात असेल तर तिथेही तोच धोका. अशा वेळी बाटली पोखऱ्यातच उघडावी आणि सोबतच्यांबरोबर संपवावी.